ड्रायव्हरची बाजू, क्लीनरची बाजू

कशेळी,
६ जानेवारी २०२५

ती. लडकूकाकांना मृणालीचा साष्टांग नमस्कार.

आधी पत्र वाचा, मग डबा उघडा, असं वर मोठ्या अक्षरात लिहिलंय. तरी तुम्ही डबा आधी उघडला असणार, म्हणून लपवण्यात अर्थ नाही. हो, तीच गाडी. सेठची मस्टँग.

तुमच्या डाइंग कंपनीतली ती गोष्ट आम्हा पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झाली होती. सेठचा मेव्हणा मुंबईहून सेठसाठी विलायती गाडी घेऊन आला, आत घेताना फाटकाला घासली, ठाण्याच्या पेंटरला तो निळा काही जुळेना, आणि मग विशीतल्या लडकू रंगाऱ्याने चहाच्या कपात रंग कालवून असा लावला की सेठला ओरखडा शोधून सापडला नाही. यंदा चैत्रात तुम्हाला सत्तर पूर्ण होतात. म्हटलं, काकाला शाल कशाला, गाडीच देऊ.

ही वीतभर खेळण्यातली मस्टँग विकत घेतली तेव्हा लालभडक होती. मी स्क्रू काढून सगळी सुटी केली, लाल रंग खरवडून काढला, प्रायमर मारला आणि एअरब्रशने निळा दिला. त्या सालच्या मस्टँगचा फिका निळा गाडीच्या कंपनीच्या शेडकार्डात मिळाला, त्याच्याशी ताडून पाहिलाय. आतला गालिचा कशाचा आहे ते ओळखा. दारं उघडतात, पण हळू.

फोटो पाठवला असता, पण मोबाइलच्या काचेवर रंग बघणाऱ्याला तुम्ही काय म्हणता ते मला माहीत आहे. डाइंगमध्ये नमुना जायचा तो चिठ्ठीसकट आणि परत यायचा तो शेरा घेऊन. तसंच करू. काकूंच्या भाच्याचा, आपल्या मनोजदादाचा टेम्पो आठवड्याला आमच्या गोदामात लागतोच. तुमचा ‘पास’ आला की वरून वार्निश मारते. त्याआधी मारणार नाही.

काकूंना नमस्कार. गरम कुंडात बसून गुडघे काय म्हणतात?

तुमची मृणाली


अकलोली,
११ जानेवारी

चि. मृणालीस काकाचे अनेक आशीर्वाद.

डबा आधीच उघडला. एवढं ओळखतेस तर वर लिहायची तसदी कशाला घेतलीस?

पोरी, काय हात आहे तुझा! बॉनेटचा उठाव, मागचा उतार, सगळं तसंच. मी ओट्यावर बसून तासभर नुसता बघत होतो. गालिच्यावर ठकूने करंगळी फिरवली आणि लगेच म्हणाली, हा तर लूमचा भुगा. बरोबर ना? नारपोलीत लूमच्या कांड्या भरत असताना तिच्या केसांत तो रोज भरून यायचा, ती कशी विसरेल!

आता रंग. रंग हुकला, बाळा. हिरवट मारतोय. सेठची गाडी भर दुपारच्या आभाळाची होती, ही शेवाळ्याकडे झुकलीय. उजेडाचा दोष असेल म्हणून अंगणात नेली, कुंडाच्या पायऱ्यांवर नेली. बघणारे गोळा झाले, पण हिरवट ती हिरवटच. घरातले दिवे तर मी सगळे बदलायला सांगितलेत, मेले पिवळे पडलेत. शेडकार्डावर जाऊ नकोस. कार्ड छापणाऱ्याने ती गाडी पाहिली नव्हती, मी पाहिलीय. थोडी नीळ वाढव.

नमुना : मस्टँग. शेरा : पुन्हा करणे. – ल.

तुझा
लडकूकाका

ता. क. मृणाली, मना तं गाडी लय आवडली. मी हलदकुंकू लावनार होते, ह्यांनी हात धरला. बोलतात रंग पास झाल्याबिगर पूजा न्हाय. – ठकुबाई


कशेळी,
२७ जानेवारी

ती. काका,

तुमचा ‘पुन्हा करणे’ मी कपाटावर चिकटवलाय. आई म्हणते, बरं झालं, हिला कोणीतरी नापास करायला हवंच होतं.

गाडी पुन्हा उघडी करून पुन्हा रंगवली. निळा वाढवला. मला विचाराल तर जरा जास्तच झालाय, पण रंगारी तुम्ही. बाकी कामं पुढे नेलीत. खिडक्यांच्या कडेला चकचकीत पत्र्याची पट्टी चिकटवली, पुढच्या जाळीत पातळ काळा सोडून वरचा पुसला, म्हणजे ती खोल दिसते. इंजिनाच्या वायरी शिवणाच्या दोऱ्याच्या आहेत.

मनोजदादाला ही गाडी मुळीच मान्य नाही. अमेरिकेत ड्रायव्हर डाव्या हाताला बसतो हे सांगितल्यावर म्हणाला, “मंग क्लीनरनी चालवायची काय गाडी?” त्याच्या टेम्पोत ती बाजू क्लीनरची. शेवटी असं ठरलं की मस्टँगमध्ये डावी बाजू ड्रायव्हरची, उजवी क्लीनरची, आणि ह्यावर पुन्हा बोलायचं नाही.

आमच्या सार्थकदादाच्या हळदीला तुम्ही दोघांनी दोन दिवस आधी यायचं आहे. दादाच्या हळदीला काका नाही म्हणजे मांडवात खांब नाही, असं बाबा म्हणाले. मी नुसता निरोप पोचवला.

तुमची मृणाली


अकलोली,
३ फेब्रुवारी

चि. मृणालीस आशीर्वाद.

पाऊण वाट चाललीस. आता थांबू नकोस. अजून हिरव्याची झाक आहे. निळा आणखी घाल आणि घाबरू नकोस. रंगात घाबरट माणसाचं काम नाही.

हळदीला येतो, पण दिवसाउजेडी येऊन दिवसाउजेडी परत. रात्री रस्त्यावर बसवत नाही. हल्ली सगळ्यांनी नवे दिवे लावलेत, समोरून गाडी आली की उजेड पिंजलेल्या कापसासारखा पसरतो. सरकार काय करतं कोणास ठाऊक. दूधवालाही बदलला पाहिजे. म्हशीचं म्हणून जे देतो ते पिवळं दिसतं.

ठकूला हळदीसाठी साडी आणलीय. वज्रेश्वरीच्या दुकानातून स्वतः निवडली. फिकी आकाशी, थेट सेठच्या गाडीची. दुकानदार काहीतरी दुसरीच पुढे करत होता, त्याला म्हटलं, रंग मला शिकवू नकोस. तू मांडवात ती साडी नीट बघ, म्हणजे मला काय हवंय ते कळेल.

नमुना : मस्टँग, दुसरा. शेरा : पुन्हा करणे. जवळ आहे.

लडकूकाका

ता. क. सुई मीच ववते आता. डोले दाखवू म्हंटलं तं बोलतात, लोकं मना कापड दाखवाया यायची, मी कुनाला डोले दाखवू? – ठ.


कशेळी,
१८ फेब्रुवारी

ती. ठकुबाईकाकू,

हे पत्र मनोजदादा तुमच्याच हातात देईल. काकांच्या डब्यात वेगळं आहे.

हळदीला सगळा मांडव पिवळा होता आणि त्यात तुम्ही लांबूनसुद्धा दिसत होतात. काका माझ्या कानाशी म्हणाले, “बघ, हा फिका आकाशी.” काकू, ती साडी शाईची बाटली उपडी केल्यासारखी निळी होती. मी त्यांच्याकडे बघितलं, तर थट्टा करत नव्हते. मग मला माझ्या गाडीचे नमुने आठवले. दर वेळी निळा वाढवा, दर वेळी हिरवट.

माझी मैत्रीण रीमा डोळ्यांच्या दवाखान्यात आहे. तिला सगळं सांगितलं. दिवे पिवळे, दूध पिवळं, रात्री उजेड पसरतो. ती म्हणाली, बहुतेक मोतीबिंदू असणार, जुना आणि पिवळा पडलेला. त्यातून निळा पोचतच नाही, म्हणून माणूस आणखी निळा मागतो. पण डॉक्टरने बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. जास्त पिकू देऊ नका असंही म्हणाली, मग ऑपरेशन अवघड होतं.

मला भीती वाटते. नुसतं सांगितलं तर ते ऐकणार नाहीत. म्हणून मधोमध टेप लावून गाडी दोन रंगांत रंगवलीय. ड्रायव्हरच्या बाजूला शेडकार्डाचा निळा, क्लीनरच्या बाजूला ते म्हणतात तो. ते कुठली पास करतात बघा, आणि जमलं तर तुम्हीच त्यांना समजावा.

मृणाली


अकलोली,
२२ फेब्रुवारी

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

पास! क्लीनरची बाजू शंभर टक्के पास! हाच तो. बघितल्याबरोबर मला डाइंगचा वाससुद्धा आला. ठकूला हाक मारून दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. ड्रायव्हरची बाजू तुझी पहिलीच चूक आहे, ती मुद्दाम समोरासमोर ठेवलीस ना, मला कळावं म्हणून? हुशार आहेस. आता तीही अशीच कर आणि वार्निश मारून टाक. सत्तरीला गाडी मधोमध ठेवू आणि केक बाजूला.

एक सांगतो, कोणाला सांगू नकोस. कंपनी सुटल्यापासून मला कोणी रंग विचारला नव्हता. तू विचारलास.

लडकूकाका

ता. क. मृणाली, मना न्हाय बोलवत. ह्यांचं तोंड बघितलं आन् शब्द गिळला. तू बोल. तुजं ऐकतील. गाडी मी ठेवून घेतली हाय. – ठ.


कशेळी,
१ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हे लिहायचं टाळलं. पण रंगात घाबरट माणसाचं काम नाही असं तुम्हीच लिहिलंत.

काका, तुम्ही पास केलेली बाजू चुकली आहे. मला, आईला, बाबांना, मनोजदादाला, सगळ्यांना ती गडद जांभळट निळी दिसते. ड्रायव्हरची बाजू बरोबर आहे. रंग बिघडलेला नाही, दिवे बिघडलेले नाहीत, दूधवाल्याने काही केलेलं नाही. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू असावा. रीमाने बोलावलंय. मी रजा काढून बरोबर येईन. आजकाल हे ऑपरेशन करून लोक त्याच दिवशी घरी येतात.

तुम्हाला फसवायला दोन बाजू केल्या नव्हत्या. म्हणजे केल्या होत्या, पण दुसरं काही सुचेना. रागवा, पण डोळे दाखवा. लवकर दाखवा.

तुमची मृणाली


कशेळी,
२४ मार्च

ती. काका,

मनोजदादाचा टेम्पो येतो आणि रिकाम्या हाताने उभा राहतो. “काका कायच बोलत न्हाय,” एवढंच सांगतो. बाबांनी फोन केला तर तुम्ही हवापाण्याचं बोललात आणि ठेवलात.

माझं चुकलं असेल तर तसं लिहा. चिठ्ठीवर नुसतं ‘नापास’ लिहून पाठवलंत तरी चालेल. हवं तर मी सगळी गाडी क्लीनरच्या बाजूसारखी करते आणि सगळ्यांना सांगते की सेठची मस्टँग अशीच होती. पण तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे मला सहन होत नाही. संध्याकाळी एअरब्रश हातात घेते आणि तसाच धुऊन ठेवते.

मृणाली


अकलोली,
२ एप्रिल

चि. मृणालीस आशीर्वाद.

रागावलो होतो. फार रागावलो होतो. कालची पोर, जिला मी निळा आणि जांभळा ओळखायला शिकवलं, ती मला सांगते की मला निळा दिसत नाही! पत्र फाडणार होतो, ठकूने काढून घेतलं.

मग ठरवलं, ह्याचा निकाल लावायचा. गाडी पिशवीत घातली, मनोजच्या टेम्पोत बसलो आणि नारपोलीला पंढरीकडे गेलो. पंढरी तुला आठवत असेल, माझ्या हाताखाली टबात कापड बुडवायचा, आता स्वतः मास्तर झालाय. त्याला म्हटलं, तुझा डोळा मी तयार केलाय, खरं सांग, कुठली बाजू सेठच्या गाडीची? त्यानेही ती गाडी पाहिली होती.

पंढरी गाडी घेऊन दारात गेला. मी शिकवलं होतं तसाच, उन्हाकडे पाठ करून. बराच वेळ बघितली. मग म्हणाला, “काका, दोनी बाजू बरोबर हायत,” आणि कान खाजवायला लागला.

त्या माणसाला मी पंचेचाळीस वर्षं ओळखतो. कापड डागाळलं की आधी त्याचा हात कानाला जायचा.

त्याने चहा मागवला, मी प्यालो. येताना कशेळीला ट्राफिकमध्ये अडकलो, तुझ्या गोदामासमोरच. उतरलो नाही. मला भीती वाटत होती, मृणाली. डोळा आंधळा होईल ही नाही. ऑपरेशनमध्ये डोळ्यातलं भिंग काढून दुसरं बसवतात म्हणे. माझं एवढंसं जे काही नाव आहे ते ह्या डोळ्यांचं. ते काढून त्या जागी कोणाचंतरी कारखान्यातलं बसवायचं, आणि मग त्यातून मला सेठचा निळा दिसेल का, ह्याची भीती.

पण कान खाजवणाऱ्या माणसांत राहण्यापेक्षा ते बरं. रीमाला सांग, येतो. आधी उजवा डोळा करू देत. तू रजा काढ. आणि एअरब्रश धुऊन ठेवू नकोस, अजून तुझं काम संपलेलं नाही.

लडकूकाका

ता. क. देवाला नारल बोललाय. तुला पन एक. – ठ.


अकलोली,
२६ एप्रिल

चि. मृणालीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पट्टी काढेपर्यंत थांबली होतीस, पण मी दवाखान्यात काही बोललो नाही म्हणून हिरमुसून गेलीस. तिथे मला काही बोलायचंच नव्हतं. रंग परक्याच्या उजेडात बघायचा नसतो. घरी आलो, झोपलो, सकाळी ओट्यावर गाडी मागवली. आता चिठ्ठी लिहितोय, नीट वाच.

डावा डोळा झाकला, नव्या उजव्या डोळ्याने पाहिलं. पोरी, ड्रायव्हरची बाजू! तोच निळा. चहाच्या कपातला. मला कप दिसला, सेठ वाकून ओरखडा शोधताना दिसला. कारखान्यातलं भिंग, पण रंग माझाच निघाला. मी रडलो. डॉक्टरने रडू नका म्हणून सांगितलं होतं, ते त्यांना कळवू नकोस.

मग उजवा झाकला आणि जुन्या डाव्याने पाहिलं. ड्रायव्हरची बाजू शेवाळली आणि क्लीनरची बाजू सेठची झाली! पुन्हा उजवा, पुन्हा डावा. दिवसभर हाच खेळ. मनोज टेम्पो लावून बघत उभा, म्हणाला, “काका, डोला मारताय कुनाला?”

दूधवाल्याची माफी मागितली. दिवे जुनेच लावले, आता ते बिचारे पांढरे आहेत.

पण खरी गोष्ट पुढे आहे. दुपारी मी घराबाहेर पडलो आणि ठकू कुंडाकडून पाणी घेऊन येताना दिसली. सार्थकच्या हळदीची साडी नेसून. मी जागीच उभा. इतका भडक निळा मी माझ्या हाताने माझ्या बायकोला आणला? घरात येऊन तिची पेटी उघडली. गेल्या कित्येक वर्षांत मी आणलेल्या सगळ्या साड्या, एकाहून एक. फिकी आकाशी एकही नाही. हे सगळं ती लग्नांना, हळदींना, देवीच्या जत्रेला नेसली. बायका हसल्या असतील. मला एका अक्षराने बोलली नाही.

मी विचारलं, ठकू, सांगितलं का नाहीस?

ती भाजी निवडत होती. म्हणाली, “तुमी किती हौशीनं आनायचे. आन् चार बायकांत उभी असले तं बाकीच्या तुमाला ओलखू येत नव्हत्या. असल्या साडीत मी तुमाला लांबून दिसायची ना?”

मृणाली, मला दिसत नाही हे मला कळायच्या आधी तिला कळलं होतं. आणि मी तिला चुकू नये म्हणून ती इतकी वर्षं तो रंग अंगावर घालून फिरत होती.

जूनमध्ये डावा डोळा करायचा आहे. मग क्लीनरची बाजू मलाही जांभळट दिसेल, चुकीची दिसेल. तरी तिला हात लावायचा नाही. मधली रेघ फक्त सरळ कर, बॉनेटपाशी तुझी टेप जरा सरकलीय, ते आता मला दिसतं. बाबांना सांग, सत्तरी राहून गेली ती मे महिन्यात करू, आणि मी रात्रीच्या गाडीने येईन.

ठकूने शेवटी हळदकुंकू लावलंच, पण डब्याला.

नमुना : मस्टँग. ड्रायव्हरची बाजू : पास. क्लीनरची बाजू : पास. वार्निश मारणे.

तुझा
लडकूकाका